शाळा सोडल्याचे कारण

एकतीस वर्षं मी जळगावच्या एका शाळेच्या कचेरीत दाखले लिहिले. दाखल्यावर ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक रकाना असतो, आणि त्या रकान्यात माझ्या हातून चार-पाच गोष्टींपलीकडे कधी काही लिहिलं गेलं नाही. वडिलांची बदली. शिक्षण पूर्ण. पालकांच्या विनंतीवरून. फार झालं तर सततची गैरहजेरी. म्हणून वैशाली पहिल्यांदा माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली, तेव्हा मी पेन उघडून तयारच होतो.

“तीन दाखले पाहिजे, भाऊसाहेब. रेवती सातवीची, मोहित चौथीचा आन् चिमी पहिलीची.”

“कोणत्या शाळेत घालताय?”

“कोनत्याच नाही. घरी शिकवनार.”

मी चष्मा वर केला. पस्तिशीची बाई, डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीचे बंद मनगटाला दोनदा गुंडाळलेले. “मग कारण काय लिहू?”

“भेव लिहा.”

“म्हणजे?”

“भीती, भाऊसाहेब. खरं कारन तेच आहे, तं तेच लिहा न.”

असं लिहिता येत नाही, म्हणून मी ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहिलं. तिनं तिन्ही कागद बोट ठेवून वाचले आणि म्हणाली, “विनंती तं मी अजून केलीच नाही.” मग तिनं ती तिथल्या तिथे केली, हात जोडून. माझी निवृत्ती सहा महिन्यांवर आली होती आणि शेवटी शेवटी कुठल्या भानगडीत पडायची माझी इच्छा नव्हती. पण ही बाई आमच्याच मेहरूणमध्ये, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं.

कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. महिनाभरापूर्वी मुलांची रिक्षा हायवे ओलांडताना ट्रकला चुकवायला गेली आणि आडवी झाली. आत दहा-अकरा मुलं होती. जीव कुणाचा गेला नाही. रेवतीचा कोपर फुटला, मोहितचा एक दात पडला, तो तसाही पडायचाच होता. चिमीला खरचटलंही नाही. ज्यांनी पाहिलं ते सांगत की वैशाली अनवाणी धावत आली, तिनं आपली तीन मुलं मोजली, मग बाकीची सगळी मोजली, मग परत पहिल्यापासून मोजली. लोकांनी रिक्षा उभी केली, डबे गोळा केले, तरी ती मोजतच होती. नवरा प्रमोद केळीच्या गाड्यांबरोबर दिल्लीकडे गेलेला. तो चार दिवसांनी परतला तेव्हा मुलांची शाळा बंद झाली होती.

ते मोजणं पुढे कधी सुटलं नाही. कुठल्याही खोलीत शिरली की ती तिघांच्या डोक्यांवर क्रमानं हात टेकवायची, मोठी, मधला, धाकटी, आणि मगच खाली बसायची. स्वतःच्या घरातसुद्धा. रेवती तेरा वर्षांची, तिला ते आवडायचं नाही. पण आईचा हात आला की ती मान जरा खाली करायची.

मुलं शाळेत जात नाहीत हे कुणी विचारील याची तिला इतकी धास्ती होती, की पहिले काही महिने ती रोज सकाळी त्यांना गणवेश घालायची. वेण्या, लाल रिबिनी, बूट, सगळं. मग पडदे ओढून मागच्या खोलीत बसवायची. सव्वापाचला दार उघडलं की तिघं दप्तरासकट ओट्यावर यायची, जणू आत्ताच शाळेतून आलीत. शेजारणी हसायच्या. मी तर उघडच हसलो. तेव्हा ती मला आबा म्हणायला लागली होती, कारण एकही कागद ती मला दाखवल्याशिवाय कुठे देत नव्हती. म्हणाली, “हसा आबा, पन कोनी विचारलं तं दाखला कुठी ठेवला ते सांगता आलं पाहिजे.” आणि पिशवीतून तिन्ही दाखले काढून दाखवले. ती भाजीला गेली तरी ते कागद बरोबर असत. एकदा दळणाच्या डब्यात सापडले, पीठ झटकून तिनं ते पुन्हा पिशवीत घातले.

मी तिला भित्री म्हटलं की ती रागवायची नाही. “मले भेव वाटतं म्हून तं करते,” एवढंच म्हणायची. हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. गॅसचा खटका तीनदा बघताना तेच, मुलांना पोहायला शिकवताना तेच. स्वतःला पोहता येत नव्हतं आणि मेहरूणच्या तलावाकडे पाहिलं तरी तिला घाम फुटायचा. पण मुलांना शिकवायला माणूस गाठला आणि महिनाभर काठावर दोरी धरून उभी राहिली.

शिकवणं मात्र सोपं नव्हतं. सातवीचं एक, चौथीचं एक, पहिलीचं एक असे तीन अभ्यासक्रम आणि आई एक. ती स्टीलच्या ताटावर पळी मारून तास बदलायची. रेवतीचं विज्ञान चाललेलं असताना चिमी रडायची, चिमीला अक्षर गिरवून देईपर्यंत मोहित खिडकीवर चढलेला असायचा, आणि मोहितला उतरवेपर्यंत विज्ञानाचा तास संपल्याची पळी वाजायची. बिचारी बारावी पास, तेही रावेरकडच्या कॉलेजातून, लग्नाच्या घाईत. तीन पाठांची तयारी करायची तरी कधी? दुपारपर्यंत तिघांतलं एक रडलेलं असे आणि बहुतेक वेळा चौथं माणूसही.

एके सकाळी ती सगळं उचलून माझ्याकडे आली. माझ्या पलंगावर तिनं पुस्तकांचे ढीग मांडले. आपल्या बोर्डाची पुस्तकं, मुक्त विद्यालयाची माहिती, कुणा मैत्रिणीनं मोबाइलवर पाठवलेला आणि तिनं छापून घेतलेला एक भलताच महाग कागदी अभ्यासक्रम, ज्यात मुलांनी बर्फात जाऊन पक्षी बघायचे होते.

“आबा, यातलं एकच ठेवायचं आहे. तिघांले मिळून एक. कोनतं ठेवू?”

मी कारकून माणूस. म्हणालो, “तीन इयत्तांना एक अभ्यासक्रम असा नियमच नाही.”

“नियम नाही ते मले माहीत आहे. कोनतं ते सांगा.”

मी सांगितलं नाही. मला आजही वाटतं की मी तेव्हा भ्यालो. चुकलं तर माझ्या नावावर नको, हे माझं एकतीस वर्षांचं शिक्षण. मग तिनं स्वतःच ठरवलं. परीक्षा आधी मोठीची येणार, तेव्हा मोठीचंच पुस्तक सगळ्यांना. चिमीला ते लहान करून सांगायचं. घर शांत झालं. ताट-पळी बंद झाली. दिवाणखान्यात एका सतरंजीवर तिघं बसू लागली आणि सहा-सात वर्षांची चिमी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली की प्रत्येक वस्तूत अणू असतात. आम्हा सगळ्यांना तिचं कौतुक वाटायचं, मलाही. चूक कुणाच्या लक्षात आली नाही.

ती लक्षात आली श्रावणात, धुळ्याला.

वैशालीचं सासर धुळ्यातल्या देवपूरचं. कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद तिथे जमतात. घरातल्या माणसांच्या नावानं मुठी मोजून गहू घेतात, ते एकत्र दळतात, त्याचे रोट होतात, आणि ते रोट घरच्यांशिवाय कुणाला देत नाहीत. मला तिनं मुद्दाम बरोबर नेलं. “नाना कागद विचारतील. तुमी असले की मले बोलता येईल.” नाना म्हणजे प्रमोदचे थोरले भाऊ. त्यांच्यापुढे त्या घरात कुणी पाय पसरून बसत नाही. मी बैठकीत कडेला बसलो. मला पोहे मिळाले.

नानांनी कागद पाहिले नाहीत. त्यांनी चिमीला जवळ घेतलं.

“हाई पोर आते कितवीले शे?”

“तसं कितवीलाच नाही, नाना,” स्वयंपाकघराच्या दारातून वैशाली म्हणाली. तिच्या हाताला कणीक होती. “तिघं एकच शिकतात.”

“तिन्हीसले एकच?” नाना हसले. “मंग सांग बरं पोरी, बावन्नमाईन सतरा गयात, कितला ऱ्हायनात?”

चिमीनं आईकडे पाहिलं. मग रेवतीकडे. मग ती मोठ्यानं म्हणाली, “अणूच्या मधे केंद्रक असतं.”

बैठक हसली. वाईट हसली नाही, सणाच्या दिवशी हसतात तशी. पण नाना हसले नाहीत. त्यांनी तोच हिशेब दुसऱ्यांदा विचारला, हळू, बोटं पुढे करून. चिमीला हातचा घेणं माहीतच नव्हतं. ते दुसरीत शिकवतात, आणि दुसरी त्या सतरंजीवर कधी झालीच नव्हती. मी वैशालीकडे पाहिलं. कणकेचे हात तिनं तसेच हवेत धरले होते.

“पोर हुशार शे, पन तिना पायाच नही शे,” नाना म्हणाले. मग प्रमोदकडे न बघता वैशालीला म्हणाले, “देख, मी काही वैरी नही. मोठी दहावी पास व्हयनी ते तुनं खरं. नही ते तिन्ही पोरे आठे ऱ्हातीन, आठेच शाळामा जातीन.”

म्हणजे रेवती नापास झाली, तर तिघं देवपूरला. प्रमोद चटईच्या काड्या मोजत बसला. त्या घरात नानांचा शब्द झाला की झाला, आणि खरं सांगायचं तर मला तो योग्यच वाटला. वैशालीनं फक्त पदर सावरला. त्याला कणीक लागली.

परतीच्या एसटीत मोहित आणि चिमी तिच्या दोन्ही बाजूंना झोपले होते. पारोळा मागे पडल्यावर ती म्हणाली, “चिमीचं नाही चुकलं, आबा. माहं चुकलं.” मी काहीतरी धीराचं बोलणार होतो. तेवढ्यात पुढच्या सीटवरून रेवती वळली.

“आई, बावन्नातून सतरा मलापण येत नव्हते. मी ओढणीखाली बोटं मोजत होते.”

“तू आठवीची आहेस,” मी म्हणालो.

“शाळेत पण मोजायचे. पाठ केलेलं यायचं, नवीन आलं की नाही यायचं. नानांनी मला विचारलं असतं तर?”

ही मुलगी आमच्या शाळेत सात वर्षं होती. तिची दर वर्षाची प्रगती मी माझ्या हातानं ‘चांगली’ लिहिली होती. आणि ती सात वर्षं घाबरून बोटं मोजत होती, आईइतकीच घाबरून, फक्त कुणाला न सांगता. वैशालीनं हात लांब करून रेवतीच्या डोक्यावर ठेवला आणि जळगाव येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तकं पुन्हा माझ्या पलंगावर आणली आणि दुसरीचं गणित वेगळं काढलं. “आता हे. तिघांले.”

“वैशाली, दहावीला अडीच वर्षं आहेत. मोठीला दुसरीत बसवतेस? अडीच वर्षांत दुसरी ते दहावी? पोरं हातची जातील.”

“जातील तं काय करू, हेच रोज वाटतं मले.” तिनं वजाबाकीचं पान उघडलं. “मले भेव वाटतं म्हून तं करते, आबा. चिमीले जे येत नाही तिथून धरायचं. जिथी ती अडली, तिथी तिघं थांबतील.”

असा अभ्यासक्रम मी जन्मात पाहिला नव्हता. तिघांतल्या धाकटीच्या पायानं चालायचं, आणि शिकवायचं मोठीनं. वैशाली मागे बसून फक्त ऐकायची. रेवती चिमीला हातचा शिकवताना स्वतः शिकायची. मोहित मधेच “का?” विचारायचा आणि दोघी अडायच्या, मग पुस्तक बंद. एके दिवशी मी गेलो तेव्हा सतरंजीवर केळीचा अख्खा घड होता, प्रमोदनं गाडीतून आणलेला. चिमी फण्या मोजत होती. मोहित एका फणीतली चार केळी खाऊन किती भाग संपला ते सांगत होता. आणि रेवती वहीत शेकडेवारी काढत होती, बोटं उघड्यावर मोजत. ओढणी तिनं कमरेला खोचली होती.

पहिलं वर्ष असंच गेलं, हळू, जीव खाणारं. दुसऱ्या वर्षी वेग आला. तरी वैशालीची झोप गेली होती. देवपूरहून फोन आला की ती घेण्याआधी उभी राहायची. कधी कधी येऊन नुसती बसायची. “आबा, नाही झाली पास तं मी सकाळी उठून कोनाच्या डोक्यावर हात ठेवू?” असं एकदा म्हणाली. मी चहा टाकला.

बाहेरून दहावीला बसायचं म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. मी बरोबर गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी दाखला उलटसुलट पाहिला, माझंच अक्षर, आणि विचारलं, “मधली वर्षं मुलगी कुठं होती?”

“शिकत होती,” वैशाली म्हणाली.

“कुठं?”

“माह्या डोळ्यापुढं.”

बाईंनी शिक्का मारला. बाहेर आल्यावर वैशाली पायरीवर बसली.

परीक्षेचं केंद्र हायवेच्या पलीकडे आलं. प्रत्येक पेपरला वैशाली रेवतीचा हात धरून रस्ता ओलांडायची, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा हात. ट्रक पार लांब असला तरी थांबायची. गणिताच्या दिवशी मीही गेलो. दोन तास ती गेटाबाहेर उभी होती. बस म्हटलं तर बसली नाही. पेपर सुटला आणि मुली बाहेर येऊ लागल्या तेव्हा तिनं मोजायला सुरुवात केली, ओठांतल्या ओठांत, आणि रेवती दिसेपर्यंत ती थांबली नाही.

“एक गणित सुटलं नाही,” रेवती म्हणाली. “बाकीची केली.”

“बोटं मोजली?”

“दोनदा.”

निकालाच्या दिवशी मोबाइल माझ्या हातात दिला होता, तिला बघवेना. रेवती पास झाली. गणितात काठावर, पण पास. मी ते दोनदा वाचून दाखवलं. वैशाली आत गेली आणि गॅसचा खटका बघून आली. संध्याकाळी नाना धुळ्याहून स्वतः पेढे घेऊन आले आणि ओट्यावर बसून सगळ्यांदेखत म्हणाले, “तुनं खरं.” अडीच वर्षांची धास्ती संपली असं मला वाटलं. आमच्या सगळ्यांच्या बशीत पेढा होता.

तेव्हा रेवती म्हणाली, “नाना, मला अकरावीला देवपूरला यायचंय. तुमच्याकडे राहीन.” मग आईकडे वळली. “आई, मला वर्गात बसायचंय. पन्नास जणींत. बघायचंय, मला येतं का.”

नानांनी मान खाली घातली. त्यांनी मागितलं नव्हतं. वैशालीच्या हातातली बशी तशीच राहिली. मला वाटलं, ती नाही म्हणेल, आणि तिला नाही म्हणायचा हक्क आहे असंही वाटलं. अडीच वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लावला, तेच मूल आपल्या पायानं उठून चाललं होतं. तिनं बशी ओट्यावर ठेवली. मग तिनं विचारलं, “एसटीनं जाशील?”

“एसटीनंच.”

“खिडकीशी बसू नको,” वैशाली म्हणाली, आणि ते ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी ती एक आखीव कागद घेऊन आली. “आबा, माह्या शाळेचा दाखला लिहून द्या. रेवतीले.” थट्टा करते आहे असं वाटून मी हसायला लागलो, पण ती गंभीर होती. मग मी पेन घेतलं आणि रीतसर लिहिलं. पूर्ण नाव. आईचं नाव. वर्तणूक चांगली. प्रगती चांगली, आणि या वेळी तो शब्द लिहिताना मला लाज वाटली नाही. कारणाच्या रकान्याशी आलो. तिच्या मनातलं पहिल्या वेळी मी लिहिलं नव्हतं, ती सल होतीच.

“भेव लिहू?” मी विचारलं.

“नको, आबा. पोरीच्या कागदावर नको.” तिनं रकान्यावर बोट ठेवलं. “ते माह्यापाशी ऱ्हाऊ द्या.”

मी ‘पुढील शिक्षणासाठी’ लिहिलं. तिनं तारखेखाली मोठ्या अक्षरांत सही केली.

त्या आठवड्यात मीही सामान बांधत होतो, अमळनेरला मुलाकडे राहायला जायचं होतं. तरी स्टँडवर गेलो. धुळ्याची गाडी लागली. रेवती आतल्या बाजूच्या सीटवर बसली आणि खिडकीशी बसलेल्या बाईच्या डोक्यावरून हात हलवत राहिली. वैशाली गाडीच्या पत्र्यावर तळवा टेकवून फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालली. गाडी वळून हायवेकडे गेली. ती परत आली, मोहित आणि चिमीला घेऊन बाकावर बसली आणि पिशवीतून वही काढली.

“चल वैशाली, घरी जाऊ.”

“तुमी व्हा पुढं. तिचा धुळ्याहून फोन येईपर्यंत आमी आठीच. चिमी, सव्वानऊला सुटली. एरंडोल किती वाजता?”

चिमी पेन्सिल घेऊन वहीवर वाकली. मोहित मधेच “ट्रॅफिक असली तर?” म्हणाला आणि तिनं खोडून पुन्हा मांडलं. मी फाटकाशी जाऊन परत आलो आणि शेजारच्या बाकावर बसलो. वैशालीनं मोहितच्या डोक्यावर हात ठेवला, मग चिमीच्या. मग तो हात बाकावरच्या मोकळ्या जागेवर टेकला आणि तिथेच राहिला. तिचे ओठ हलत होते.

दहा वाजले तेव्हा चिमीनं स्टँडच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वही आईपुढे धरली. “आई, आता एरंडोल आलं असेल.”